तटस्थ हात

डोळ्यांत थेंब घालून परिचारिकेने तिला बाकावर बसवले आणि बाहुल्या पुरेशा मोठ्या होईपर्यंत जागचे हलायचे नाही, अशी तंबी दिली. या थेंबांचा गुण तिला नव्याने सांगायची गरज नव्हती. विद्यार्थ्यांना तो तिने वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवला होता: बाहुली रुंदावते, भिंगाला आवळणारा स्नायू लुळा पडतो, दूरचे स्पष्ट राहते आणि हाताशी असलेले मात्र विरघळून जाते. तरीही सवयीने तिने पिशवीतून शोधनिबंधाची प्रत काढली, मांडीवर धरली, आणि अक्षरे डोळ्यांदेखत फुगून एकमेकांत शिरताना पाहिल्यावर मुकाट्याने परत ठेवली. चार वाजता विद्यापीठात तिच्या विभागाची बैठक होती. निबंध आज पाठवायचा होता. तो पाठवला गेला की तिची प्रयोगशाळा तिच्याकडे राहणार होती. नाहीतर ती खोली झोपेवर काम करणाऱ्या मंडळींना मिळणार होती, आणि ती मंडळी इतकी आशावादी होती की खिडक्यांना गडद पडदे किती लांबीचे लागतील हे गेल्याच आठवड्यात बघून गेली होती. वाचता येत नाही म्हटल्यावर करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून तिने मान वर केली. समोरच्या भिंतीशी एक बाई बसली होती. शेजारी तिचा नवरा, एका डोळ्यावर पट्टी. बाईचे हात मांडीत होते. डावा तळहात उताणा, त्यावर उजवा पालथा, आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या अनामिका व करंगळी यांच्या बेचक्यात अलगद अडकवलेला. बाकी बोटे सैल. तिच्या छातीत काहीतरी जिन्यावरून गडगडत खाली आल्यासारखे झाले, कारण हातांची ही ठेवण जगात कुठेही नव्हती. ती तिने स्वतः बनवली होती.

बनवली होती ती काही अर्थ असू नये म्हणून. ध्यानाला बसणारा माणूस बोटांची अमुक रचना करतो, तिला मुद्रा म्हणतो, आणि त्या रचनेनेच आपला श्वास मंदावतो असे शपथेवर सांगतो. अंगठ्याच्या टोकाने तर्जनीचे टोक टेकवले की शरीरात काय घडते, हा प्रश्न तिच्या मते सभ्य आणि मोजण्याजोगा होता. उत्तर तिला आधीपासून ठाऊक असल्यासारखे वाटत होते, पण वाटणे आणि ठाऊक असणे यांतले अंतर मोजण्यासाठीच तिला पगार मिळत होता. विभागात तिला पाठीमागे शंकाबाई म्हणत. समोर म्हटले असते तरी तिने हरकत घेतली नसती. फक्त पुरावा मागितला असता. तर, प्रयोगात लोकांचे तीन गट केले. एकाला खरी मुद्रा, दुसऱ्याला खोटी, तिसऱ्याच्या हातात मासिके. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, तळव्याखाली थरथर टिपणारी पातळ गादी. खोटी मुद्रा शोधणे हेच सर्वांत जिकिरीचे ठरले. बोटांची कोणतीही रचना घ्या, कोणत्या तरी परंपरेत, कोणत्या तरी मूर्तीच्या हातात ती आधीच असायची. जणू माणसांनी हजारो वर्षे हातांना दुसरा उद्योगच ठेवला नव्हता. शेवटी एका दुपारी, सगळी पुस्तके मिटून कंटाळून बसली असताना, तिने खाली पाहिले तर तिचे हात तसे पडलेले होते. अंगठा बेचक्यात. तिने ती ठेवण सगळ्या पुस्तकांशी ताडून पाहिली. कुठेच नव्हती. कागदोपत्री तिचे नाव ‘तटस्थ स्थिती’ पडले. यंत्रे सांभाळणारे सहायक तिला नुसते ‘खोटी’ म्हणत: आज खोटीची माणसे किती, खोटीचा पट्टा सैल झालाय.

आणि खोटीने खरीची बरोबरी केली. बरोबरी कसली, काही मापांत केसभर पुढेच गेली. मासिकवाले जिथल्या तिथे राहिले. दोन्ही मुद्रावाल्यांचे श्वास सारखेच खोल झाले. म्हणजे गोष्ट बोटांत नाही. निबंधाच्या अखेरीस तिने एक वाक्य लिहिले होते, ‘हाताच्या विशिष्ट रचनेला स्वतंत्र परिणाम असल्याचा पुरावा आढळला नाही’, आणि त्या वाक्यावर तिचा जीव जडला होता. असे कोरडे, सर्व बाजूंनी घासून गुळगुळीत केलेले वाक्य आयुष्यात फार थोड्या वेळा जमते. आता समोरच्या भिंतीशी एक परकी बाई ती निरर्थक ठेवण मांडीत घेऊन अशी बसली होती, जशी एखादी बाई अंगावरचा दागिना विसरून बसते.

ती उठली. परिचारिका लांबून काही म्हणाली. बाईच्या शेजारी जागा होती, तिथे ती बसली आणि बसताक्षणी बाईचे हात धुरकट झाले. पाहायचे असेल तर दूर आणि विचारायचे असेल तर जवळ, अशी ती अडचण होती. तिने विचारले, हे हात असे का? बाई जराही दचकली नाही. दवाखान्यात माणसे एकमेकांना काहीही विचारतात. म्हणाली, नणंद विद्यापीठात कुठल्याशा प्रयोगाला गेली होती, तिथे शिकवतात. तिने घरी येऊन सासूला शिकवली, मला शिकवली, शेजारणीलाही शिकवली. ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरल्यापासून घरात आरडाओरडा चालतो, तेव्हा मी अशी बसते.

“ती अशी बसली की माझ्या ओरडण्यात काही राम राहत नाही,” पट्टीवाला नवरा म्हणाला. “भिंतीशी भांडल्यासारखं होतं. भिंत तरी बरी.”

तिने आपले हात तसे ठेवले. का ठेवले हे तिला सांगता आले नसते. बहुधा पडताळणी म्हणून. बाईने तिच्याकडे क्षणभर बघितले आणि घरच्या पोरीला पोळी लाटायला शिकवावी तशा सहजपणे तिचे मनगट धरले.

“हात बरोबर आहेत. मान चुकली. आधी मान. जराशी डावीकडे, आणि हनुवटी वर... अशी. वरून काहीतरी ऐकू येणार आहे, असं वाटलं पाहिजे. मान नसेल तर नुसत्या हातांनी काही होत नाही, नणंद म्हणते.”

मान. सूचनापत्रात मानेबद्दल तिने एवढेच लिहिले होते: सरळ व सुखावह. डावीकडे नाही, वर नाही, ऐकणे तर नाहीच. ती बाईला म्हणणार होती की तुमच्या नणंदेने मनचे काहीतरी जोडले आहे, पण तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले. डॉक्टरांच्या खोलीत ती हनुवटीच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसली. उजेडाची एक पांढरी फट तिच्या बुबुळावरून सरकू लागली. यंत्रामागून, काहीशा कंटाळ्याने, डॉक्टर म्हणाले, मान सरळ ठेवा. तिने ठेवली. फट पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. पुन्हा कलली बाई तुमची मान, डावीकडे, दुखते का? ती नाही म्हणाली. मग तिला एकदम कळले की तिचे हात अजून मांडीत तसेच आहेत. अंगठा बेचक्यात. तिने अंगठा काढला. मान, कोणी न सांगता, सरळ झाली. अंगठा परत घातला, आणि उजेडाची फट तिच्या डोळ्यातून निसटून कपाळावर गेली. डॉक्टरांनी उसासा सोडला. तिला मात्र हसू फुटत होते, शाळेतल्या प्रार्थनेच्या वेळी फुटावे तसे दाबून न दबणारे. तीन गट, पट्टे, चिमटे, गाद्या, कित्येक वर्षांचे काम पत्त्यांच्या घरासारखे डोलू लागले होते आणि तिला भीती वाटायच्या आधी पोटात विलक्षण गुदगुल्या होत होत्या. अशी गुदगुली तिला याआधी एकदाच झाली होती, विद्यार्थिदशेत, जेव्हा बेडकाचे हृदय बशीत एकटे धडधडताना तिने प्रथम पाहिले होते.

बाहेर ऊन नव्हते, उजेडाचा पूर आला होता. दवाखान्याने दिलेला पुठ्ठ्याच्या दांड्यांचा काळा चष्मा नाकावरून घसरत होता. गाड्यांच्या टपांवरून, काचेच्या इमारतींवरून, एका सायकलच्या घंटीवरूनही प्रकाश उसळून तिच्या उघड्या पडलेल्या बाहुल्यांत शिरत होता आणि दूरच्या गोष्टींच्या कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट होत्या. तिने बस घेतली नाही. तिला चालायचे होते. खरे तर पळायचे होते, पण त्या वयाची बाई काळा चष्मा लावून पळू लागली तर लोक तिला थांबवतात. तिला सगळीकडे हात दिसू लागले. बँकेच्या दारातला पहारेकरी हात पाठीमागे बांधून उभा होता, एक पंजा दुसऱ्या मनगटावर, आणि त्या पंजाच्या आवळण्यात पहाऱ्यापेक्षा जुने काहीतरी होते. कदाचित कोणा शिक्षकापुढे उभे राहणे. फोनवर बोलणारी मुलगी मोकळ्या हाताने स्वतःचेच कोपर धरून होती. बसच्या रांगेत एक म्हातारा हाताची पाठ गालाला लावून ताप बघत असल्यासारखा उभा होता. हे सगळे रोजच इथे असणार. प्रत्येकाच्या हातांत कोणीतरी ठेवून गेलेली काहीतरी रचना होती आणि तो ती बाळगत चालला होता, आणि तिने, एवढ्या मोठ्या जगातून, एकही अर्थ नसलेली ठेवण शोधायची म्हणून काय केले होते? माणसे गटांत वाटताना यादृच्छिक आकडे वापरले. खोल्या ठरवताना वापरले. मासिके कोणती, हेसुद्धा आकड्यांवर सोडले. फक्त हातांच्या बाबतीत, कंटाळलेल्या एका दुपारी, आपल्या मांडीत जे आपोआप पडले होते ते उचलले आणि आपोआप म्हणजे कुठूनही नाही, असे धरून चालली. पहिल्या वर्षाच्या पोराने असे केले असते तर तिने त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

सिग्नलला थांबली तेव्हा तिने पुन्हा हात जुळवले. पिशवी कोपरात, डावा तळहात उताणा. मान कलली. आणि मोटारींच्या आवाजामागून तापलेल्या रबराचा वास आला. वासाला सिग्नलवर काहीही कारण नव्हते. तो वास एका लांबट खोलीचा होता, जिथे बायकांची एक रांग भिंतीएवढ्या फळ्यांसमोर बसलेली असे आणि फळ्यांवर बारीक दिवे लागत. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शाळा सुटल्यावर घरी कोणी नसे म्हणून ती तिथे जाई, आणि मुले आत येऊ नयेत असा नियम असल्यामुळे आईच्या टेबलाखाली बसे, जिथे नियमाची नजर पोचत नसे. तिथून आई म्हणजे दोन गुडघे, खाली सोडलेल्या दोऱ्यांचा पडदा, आणि मांडीतले दोन हात. दिवा लागला की हात वर उडत. दोरी खेचली जाई, खटका वाजे, आईचा बाहेरच्या जगासाठीचा पातळ, शिष्ट आवाज ऐकू येई, आणि मग हात परत उतरत, एक उताणा, त्यावर दुसरा पालथा, अंगठा बेचक्यात, आणि पुढचा दिवा लागेपर्यंत निश्चल राहत. ती काही बोलू लागली तर वरून एवढेच येई: शू. रागाने नव्हे. कोणीतरी दूरच्या गावातून बोलू पाहत असताना मधे आवाज नको, इतक्या साध्या व्यवहाराने. ते हात उतरलेले असत तेव्हा जगात सगळे ठीक असे. हे तिने तेव्हा म्हटलेले नव्हते. आता, रस्ता ओलांडायचा हिरवा माणूस दोनदा लागून विझला तरी जागच्या जागी उभी असताना, म्हटले, आणि म्हटल्याबरोबर तिला त्याचा संशय आला. स्मृती हा फितूर साक्षीदार आहे. तुम्हाला जे हवे ते सांगायला तो एका पायावर तयार असतो, वासासकट. आई जाऊन इतकी वर्षे झाली की तिच्याबद्दल काहीही खपून जाईल. स्वतंत्र पुरावा हवा. असल्यास दोन.

पहिला विभागातच होता. लोकांना मुद्रा शिकवण्यासाठी चित्रफिती केल्या होत्या. खरी मुद्रा तिला शिकवणाऱ्या ध्यानशिक्षकांनी, जे एरवी फार मोकळे गृहस्थ होते, खोटी मुद्रा शिकवायला साफ नकार दिला होता. थाप मारायची तर तुम्ही मारा, मी दाराबाहेर उभा राहतो, म्हणाले होते. तेव्हा दोन्ही फितींत शिकवणारी ती स्वतःच होती. तीच खुर्ची, तेच कपडे, तोच प्रकाश, शब्द न् शब्द सारखा. आकडेशास्त्रज्ञाने तर दोन वाक्यांमधले थांबेसुद्धा सारखे करून घेतले होते. हा आकडेशास्त्रज्ञ तिच्याहून तरुण, तोंडाने फटकळ आणि कामात निर्दय होता, आणि त्या दोन गुणांमुळेच तिला तो आवडे. तो तिला जिन्यातच भेटला. चष्मा पाहून म्हणाला, काय मॅडम, निबंध पाठवायच्या आधीच सिनेमात गेलात? तिने त्याला ओढतच अंधाऱ्या खोलीत नेले आणि दोन्ही फिती लांबच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावायला सांगितल्या, कारण संगणकाच्या पडद्यावरचे तिला दिसत नव्हते. आवाज बंद कर म्हणाली. हात बघू नकोस. बाकी सगळे बघ.

भिंतीवर ती दोनदा उजळली. डावीकडची खरी मुद्रा शिकवत होती: कणा ताठ, खांदे मागे, मान खांबासारखी, ध्यानशिक्षकांनी सांगितले त्याप्रमाणे तंतोतंत. फीत बघून ते खूश झाले होते, असा पाठीचा कणा त्यांच्या जुन्या साधकांतही सापडत नाही म्हणाले होते. आणि त्या ताठ बाईचे डोळे सतत, अगदी बारीक, स्वतःच्या बोटांवर उतरत होते, परीक्षागृहातल्या पर्यवेक्षकासारखे. उजवीकडची बाई निराळीच होती. तिला कोणी काही शिकवलेले नव्हते. ही ठेवण निरर्थक आहे याची खात्री असल्यामुळे तिने स्वतःवर पहारा ठेवला नव्हता. हात जुळले की दोन श्वासांत तिची मान डावीकडे कलत होती, हनुवटी किंचित वर येत होती, आणि चेहरा असा मोकळा होत होता की बघणारीला, म्हणजे तिलाच, क्षणभर नजर वळवावीशी वाटली. स्वतःचे झोपलेले तोंड बघू नये म्हणतात तसे काहीसे.

आकडेशास्त्रज्ञाने फीत मागे नेली, पुन्हा पाहिली, पुन्हा मागे नेली.

“कोण कोणत्या गटात हे कळू नये म्हणून आपण सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या,” तो म्हणाला. “लोकांच्या, मोजणाऱ्यांच्या, माझ्या. तुमच्या मानेवर कोणी बांधली नाही.”

त्याला हे सांगताना दुःख झाले होते, हे उघड होते; तिला झाले नव्हते, म्हणून तो तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिला. तो म्हणाला, चार वाजायला आलेत, काय करायचं? ती म्हणाली, तू हो पुढे, मला एक फोन करायचाय. फोनवरची अक्षरे तिला लागत नव्हती, तेव्हा दादाचा नंबर त्यानेच लावून दिला.

दादा तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. आगबोटींची इंजिने दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले होते, त्यामुळे कानाने अधू आणि आवाजाने दांडगा झाला होता. आणि भावनेला तो इतका टणक होता की साक्षीदार म्हणून त्याच्याइतका विश्वासू माणूस तिला दुसरा सुचत नव्हता. त्याला सूचक प्रश्न विचारायचा नाही, हे तिने आधी ठरवून घेतले. नुसते विचारले: एक्स्चेंजात आई कशी बसायची?

“काय गं ढमे, भर दुपारी आईची आठवण? बरी आहेस ना?” तो म्हणाला. मग त्याने सांगितले, आणि ते असे होते: हात मांडीत, एकावर एक, कारण दिवा लागेपर्यंत हात मांडीबाहेर दिसले की देखरेखीवरची बाई खेकसायची, आईला खटक्यांशी चाळा करायची खोड होती, म्हणून ती अंगठा बोटांत अडकवून ठेवायची. कैद्याला कोठडीत ठेवतात तसा. हात जुळले. एकही उत्तर सुचवले नव्हते. मग, आवाज होता होईल तेवढा सपाट ठेवून, तिने विचारले, आणि मान?

“मानेचं काय?”

“कशी असायची?”

“ताठ! दुसरी कशी असणार? डोक्यावर ते हेडफोनचं जोखड. जरा कलली की घसरायचं. काठी गिळल्यासारखी बसायची आई.” तो थांबला, आणि पलीकडे त्याला हसू येत असल्याचे तिला ऐकू आले. “मान तुझी कलायची. टेबलाखाली फतकल मारून बसायचीस आणि मान वाकडी करून खालून तिच्या हातांकडे बघत राहायचीस. मी दारातून हाका मारून दमायचो. घरी चल म्हटलं तर ऐकायला येत नसल्यासारखं करायचीस. आम्ही तुला कललेली बाटली म्हणायचो, विसरलीस?”

ती विसरली होती. फोन ठेवून ती व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिली. हात आईचे होते. मान तिची स्वतःची होती. दोन माणसांच्या दोन ठेवणी, एक वरची, एक खालची, कधीतरी एका शरीरात येऊन जोडल्या गेल्या होत्या, आणि ते जोडकाम तिने तटस्थ म्हणून छापायला काढले होते. आणि लोकांनी काय उचलले होते? हात तर सांगितलेले, ते सगळ्यांनीच केले. न सांगता उचलली ती मान. वरून काहीतरी ऐकू येणार आहे, असे त्या बाईची नणंद म्हणाली होती. छातीला पट्टे बांधलेले कितीतरी अनोळखी प्रौढ लोक, हिशेबनीस, शिक्षिका, एक निवृत्त वैमानिक, आपल्या नकळत एका टेबलाखाली फतकल मारून बसले होते, आणि त्यांचे श्वास मंदावत होते. निदान असे दिसत होते. हे सिद्ध नाही, तिने स्वतःला बजावले. हे एक अनुमान आहे, त्याला दहा फाटे फुटू शकतात. पण ते फाटे मोजता येतील. कललेली मान आणि सरळ मान, तिच्या फितीतली आणि दुसऱ्या कोणाच्या, पहारा असलेली आणि नसलेली, सगळे वेगवेगळे करून मोजता येईल. तिला आनंद आवरेना. आनंदाचे शारीरिक वर्णन तिला पाठ होते, आणि त्या वर्णनातले एकेक लक्षण आपल्या अंगावर उमटताना पाहणे हाही आनंदच होता.

बैठकीच्या खोलीत विभागप्रमुख टेबलाच्या पलीकडे बसले होते. ते सभ्य, थकलेले आणि वर्षभर वरच्या लोकांना आश्वासने देऊन बांधले गेलेले होते. शेजारी ध्यानशिक्षक, स्वेटरच्या बाह्या वर सरकवून. एका टोकाला आकडेशास्त्रज्ञ, ज्याने काही सांगितलेले नसावे, कारण प्रमुखांचा चेहरा अजून प्रसन्न होता. तिने उभ्यानेच सांगितले. दवाखाना, बाई, मान, दोन फिती, दादा. आई म्हणताना तिचा आवाज जरा सुटला आणि तिने तो परत पकडला. निबंध मागे घ्यावा लागेल, म्हणाली. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, बाई, आयत्या वेळी तुम्ही हे काय काढलंत? ती वीतभर मान. तळटीप टाका आणि मोकळ्या व्हा. खोलीचं काय होईल याची कल्पना आहे ना? पडदे शिवून तयार असतील त्यांचे. तिला कल्पना होती. तळटीप टाकता आली असती, आणि ती कोणी वाचली नसती. ती म्हणाली, तळटिपेत मावत नाही. आपण काय मोजलं तेच आपल्याला माहीत नाही.

ध्यानशिक्षक पुढे झुकले. इतका वेळ ते गालातल्या गालात हसत होते. म्हणाले, म्हणजे मुद्रा खरी ठरली म्हणा की.

“नाही,” ती म्हणाली. “तुमची मुद्रा मी शिकवली तेव्हा मी ती तपासत होते. लोक तपासायला शिकले. तिचं मोजमाप अजून झालेलंच नाही. तुमचंही नाही आणि माझंही नाही.”

त्यांचे हसू मावळले, आणि त्या जागी जे आले ते तिला जास्त आवडले: कुतूहल. प्रमुखांचे मात्र समाधान झाले नाही. हे सगळं तुमच्या आठवणीवर आणि भावाच्या सांगण्यावर, म्हणाले. उद्या वर मला विचारलं, तर मी काय सांगू, की यांची मान वाकडी होती? मग थोडे चिडून, हात उडवून म्हणाले, दाखवा तरी, काय एवढं आहे त्यात.

ती खुर्ची मागे ओढून बसली. डावा तळहात उताणा, उजवा पालथा, अंगठा बेचक्यात. आता तिला सगळे माहीत होते, तेव्हा ते जमणार नाही असे तिला वाटले. पण मानेला तिची माहिती पोचली नव्हती. मान कलली. हनुवटी वर आली. प्रमुख टेबलावरून तिच्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या, हातात निबंधाची प्रत. त्यांच्या कपाळावरची मधली आठी आधी सैल झाली. मग त्यांचे डोके, घड्याळाच्या काट्याच्या गतीने, म्हणजे हलताना दिसत नाही पण हललेले दिसते तसे, एका बाजूला कलले. टेबलाच्या कोनाचाही दोष असू शकेल, याची तिने मनात नोंद घेतली. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी वेगळ्या कोनात, आकडेशास्त्रज्ञाची मान गेली होती. त्या निर्दय माणसाचे तोंड थोडे उघडे राहिले होते. आणि ध्यानशिक्षक, ज्यांचा कणा कशानेही हलत नाही अशी ख्याती होती, त्यांचे हात टेबलावरून उतरून मांडीत गेले होते आणि डोके खांद्याकडे झुकत होते. तिघेही वरून काहीतरी यायची वाट बघत असल्यासारखे तिच्याकडे पाहत होते. तिची नाडी इतक्या जोरात उडत होती की ती कानात ऐकू येत होती. तिला ओरडून सांगायचे होते, बघा, स्वतःकडे बघा. पण बोलली असती तर थांबले असते. म्हणून ती तशीच बसून राहिली, हात जागचे न हलवता. अखेरीस प्रमुखांनी, तिच्यावरची नजर न काढता, निबंधाची प्रत हळूच पालथी ठेवली आणि कोणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाले, “पाठवू नका.” त्यांची मान अजून कललेलीच होती.